मार्चमध्ये शिवाजी विद्यापीठाची बोटॅनिकल गार्डन बघायला जावं का?

पेठेतली_आई:
नमस्कार मंडळी, जरा माहिती पाहिजे होती. रंगपंचमी झाली की सासूबाई इचलकरंजीहून आमच्याकडं येणार आहेत, त्यांना झाडांची प्रचंड आवड, रस्त्यानं जाताना सुद्धा रिक्षा थांबवून झाड बघणाऱ्या आहेत. आणि लेक सातवीत आहे, तिला शाळेतून परिसरातल्या झाडांवर प्रकल्प दिलाय. नेटवरून फोटो काढून चिकटवायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या हे मला अजिबात नकोय, तिनं झाड डोळ्यानं बघून लिहावं असं वाटतं. म्हणून दोघींना घेऊन विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनला जायचा विचार आहे. पण दीर म्हणतात मार्चमध्ये तिथं काही नसतं, सगळं वाळलेलं असतं, जायचं तर ऑगस्टमध्ये जा. आता ऑगस्टला सासूबाई कुठल्या येतात, त्यांच्याकडं नागपंचमी, गौरी-गणपती असं एकामागून एक चालू असतं. तर कुणी मार्च-एप्रिलमध्ये गेलंय का? काय बघायला मिळतं? सासूबाईंचा गुडघा दुखतो, चालायला किती लागतं? आणि आत सोडतात का कुणालाही?

सागरमाळकर_०९:
ताई, दीर बरोबर सांगाल्यात. मी विद्यापीठाच्या मागंच राहतो, पावसाळ्यात कॅम्पस म्हणजे नाद खुळा असतो, गवत कमरेएवढं, तळी भरलेली, मोर ओरडत असतात. मार्चमध्ये माळ नुसता पिवळा पडतो. बागेत कुंड्यांची ओळच्या ओळ रिकामी, नुसत्या पाट्या. पाहुण्यांना घेऊन जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर बघा. मार्चमध्ये न्यायचं असलं तर रंकाळा तलावावर न्या, संध्याकाळी वारं तरी लागतं.

कंदीलपुष्प:
सागरमाळकर दादा, त्या कुंड्या रिकाम्या नसतात हो! हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी तिथूनच एमएस्सी बॉटनी केलंय आणि मार्च महिन्यात गार्डन बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हेच म्हणून जायचा, की इथं नुसती माती आणि पाटी आहे.

ताई, नीट सांगते. आपली ही बाग केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या योजनेतली लीड बोटॅनिकल गार्डन आहे, म्हणजे शोभेच्या झाडांची बाग असा तिचा मूळ हेतूच नाही. सह्याद्रीत जी झाडं दुर्मिळ झालीत, जी जगात दुसरीकडं कुठंच उगवत नाहीत, ती इथं आणून वाढवायची, त्यांची संख्या वाढवायची आणि जमलं तर परत त्यांच्या मूळ जागी नेऊन लावायची, हे काम तिथं चालतं. डॉ. एस. आर. यादव सरांचं नाव ऐकलं असेल, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर कितीतरी वर्षं काम केलं. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया, आपल्याकडं गावात खरपुडी म्हणतात. ह्या वेलींना जमिनीखाली कंद असतो. पहिला पाऊस पडला की कंदातनं कोंब येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फूल येतं, दिवाळीनंतर वरचं सगळं वाळून जातं आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत कंद मातीत झोपलेला. नुसती खरपुडीच नाही, जमिनीवर उगवणाऱ्या आमऱ्या म्हणजे ऑर्किड, सापकांदा, रानहळद ह्या सगळ्यांचं असंच आहे. उन्हाळ्यातले महिने ही झाडं जमिनीच्या वर राहतच नाहीत. तर मार्चमध्ये तुम्हाला जी 'रिकामी' कुंडी दिसते, तिच्यात कदाचित अशी जात असते जी सह्याद्रीतल्या एखाद-दुसऱ्या डोंगरावर उरलीय. त्यातली माती उकरून बघायची नाही, कुंडी हलवायची नाही, एवढं लेकीला आधीच सांगून ठेवा, कारण पोरांचा हात पहिला तिकडंच जातो.

आणि खरपुडी कमी का झाली हेही तिला सांगा, प्रकल्पात लिहायला चांगलं आहे. कंद खायला गोड लागतो, गुराखी पोरं उकरून खायची, साळिंदर आणि रानडुक्कर पण खातात, त्यात चराई, वणवे आणि डोंगर फोडून रस्ते. कंद गेला की झाड गेलं. फूल तर असलं भारी असतं की बघतच राहावं. लांब नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. वासाला भुलून बारकी माशी आत शिरते, नळीत आतून खाली वळलेले केस असतात त्यामुळं खाली जाता येतं पण वर येता येत नाही. माशी आत अडकून धडपडते, तेवढ्यात परागांची जोडगोळी तिच्या तोंडाला चिकटते. मग ते केस सुकून मऊ पडतात, माशी सुटते आणि शिकली काहीच नसल्यामुळं दुसऱ्या फुलात जाऊन परत अडकते, तिथं परागण होतं. हे बघायला मात्र ऑगस्टच पाहिजे, त्यात दिरांचं आणि सागरमाळकरांचं बरोबर आहे.

पण म्हणून मार्चमध्ये काही नाही असं कुणी म्हणू नये. मार्चमध्ये खाली बघायचं नाही, वर बघायचं. तो झाडांचा महिना आहे.

माळावरचा_मास्तर:
कंदीलपुष्प ताईंनी फार छान लिहिलंय, शेवटचं वाक्य तर लाखमोलाचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. झाडांबद्दल थोडं मी सांगतो.

सासूबाईंना सगळ्यात आधी सीता अशोक दाखवा. बागेत माळीदादांना विचारलं की ते नेऊन दाखवतील. बंगल्यांच्या कंपाउंडला जी उंच, लांब पानांची, सरळसोट झाडं असतात त्यांना लोक अशोक म्हणतात, तो अशोक नव्हे, तो आसुपालव, वेगळ्याच कुळातला. खरा अशोक हा आपल्या चिंच-बहाव्याच्या कुळातला. फेब्रुवारी ते एप्रिल त्याचा फुलायचा काळ, आणि फुलं फांदीच्या टोकाला येतात तशीच जुन्या जाड फांदीवर, अगदी खोडावर सुद्धा गुच्छानं येतात. एक गुच्छ जवळून बघायला सांगा नातीला. फूल उमलतं तेव्हा पिवळसर, मग केशरी, मग लाल होत जातं, त्यामुळं एकाच गुच्छात तिन्ही रंग असतात आणि कुठलं फूल आजचं, कुठलं परवाचं ते रंगावरून ओळखता येतं. आणि गंमत अशी की ह्या फुलाला पाकळ्याच नाहीत. जे रंगीत दिसतं ते निदलपुंज, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असतं ते हिरवं आवरण, इथं चार भागांचं, खाली बारीक नळी. त्यातनं सहा ते आठ लांब पुंकेसर बाहेर आलेले. सातवीच्या मुलीला निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर शाळेत शिकवलेलं असतंच, तिला नुसतं म्हणा 'ह्या फुलाच्या पाकळ्या दाखव बघू'. ती शोधत बसेल, आणि पाकळ्या नाहीतच हे तिचं तिला कळलं की ते आयुष्यभर विसरणार नाही. आपण आधी सांगून टाकायचं नाही.

त्याची कोवळी पालवीही बघण्यासारखी असते. तांबूस, लोंबती, जणू जीवच नाही अशी मऊ. काही दिवसांनी हिरवी होऊन ताठ होते. साल औषधात जाते, अशोकारिष्ट ह्याच्याच सालीचं, आणि त्यापायी जंगलातली झाडं इतकी सोलली गेली की आयुसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत हे झाड धोक्यात असलेल्यांमध्ये आहे. चैत्रात शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी येते, ती ह्याच झाडाची. बहर आणि तिथी दोन्ही एकाच वेळी, आपल्या जुन्या लोकांचं निरीक्षण किती पक्कं होतं बघा.

दुसरं, पळस. रंगपंचमीनंतर जाताय म्हणजे शेवटचा बहर सापडला तर सापडेल, नाहीतर खाली पडलेली फुलं तरी मिळतीलच, पडलेलं फूल हातात घ्यायला हरकत नाही. पाच पाकळ्या असतात पण सारख्या नसतात. एक मोठी मागं वळलेली, दोन बाजूला, आणि दोन मिळून पोपटाच्या चोचीसारखी बाक आलेली. ती चोच अलगद उघडली की आत पुंकेसर असतात. बुडाशी मध असतो, मैना, बुलबुल, शिंजीर मध प्यायला आले की डोक्याला पराग लागतो. काळ्या मखमली देठावर हा रंग एवढा उठून दिसतो की फोटोत त्याचं काहीच येत नाही. पूर्वी कोल्हापुरात रंगपंचमीला ही फुलं रात्री पाण्यात उकळून रंग करायचे, सासूबाईंना आठवत असेल, नातीसमोर विचारा.

पळसासारखी झाडं ऐन कोरड्या दिवसात, अंगावर पान नसताना का फुलतात हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याचं कारण असं की पानं नसली की फूल लांबून दिसतं, पाखरांना वाट मोकळी मिळते. आणि मार्चमध्ये फुललं की मे अखेरीपर्यंत बी तयार होऊन पडतं, म्हणजे पहिला वळीव किंवा मृगाचा पाऊस पडला की लगेच रुजायला तयार. पावसाळ्याचे सगळे महिने रोपाला वाढायला मिळतात. हे उशिरा फुलले असते तर बी पडेपर्यंत पाऊस संपला असता.

केएमटीचा_प्रवासी:
व्यवहाराचं मी सांगतो. केएमटीची बस विद्यापीठाकडं जाते, पण गुडघा दुखतोय तर रिक्षाच करा, मेन गेटपासून बॉटनी विभाग आत आहे आणि कॅम्पस अवाढव्य आहे, साडेआठशे एकरांच्या आसपास. रिक्षा सोडून दिली तर परत मिळायला वेळ लागतो, थांबवून ठेवायचं आधी बोलून घ्या. बाग विभागाची असल्यामुळं कामाच्या दिवशीच जावा, माहिती सांगणारी माणसं तेव्हाच भेटतात. आधी विभागात फोन करून 'घरची तिघं येतोय, मुलीचा प्रकल्प आहे' एवढं सांगा आणि वेळ विचारून घ्या. वर्ग किंवा ग्रुप असेल तर पत्र द्यावं लागतं, घरच्यांना विनंती केली की बघू देतात. अकराच्या आत आटपा, नंतर ऊन मी म्हणतं. पाण्याच्या बाटल्या, टोपी, आणि सासूबाईंना पायात बूट नाहीतर पट्ट्याची चप्पल, वाट सगळीकडं सपाट नाही.

पेठेतली_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार! सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं, पळसाचं वाचल्यावर त्या लगेच म्हणाल्या आमच्याकडं तांब्याच्या हंड्यात उकळायचे, आणि अर्धा तास बोलतच होत्या. लेक शेजारीच बसून ऐकत होती, तिनं वहीत लिहूनही घेतलं.

आता दोन प्रश्न. एक, प्रकल्पासाठी पानं-फुलं वहीत चिकटवायची आहेत, तर बागेतली घेतली तर चालतील का? आणि दुसरा सासूबाईंचा, त्यांना इचलकरंजीच्या घरामागं सीता अशोक लावायचाय, तर बागेतून बी किंवा रोप मिळेल का?

कंदीलपुष्प:
बागेतलं काहीही तोडायचं नाही, पान सुद्धा नाही. आपल्याला एक पान वाटतं पण कुठलं झाड कशासाठी राखलंय ते आपल्याला माहीत नसतं, काही झाडांच्या प्रत्येक फांदीची नोंद असते, कुठल्या फुलाला हातानं परागण केलंय म्हणून दोरा बांधलेला असतो. आमच्या एका मैत्रिणीचं वर्षभराचं काम कुणीतरी केसात माळायला नेलं होतं, ती रडली होती अक्षरशः. तर दोरा, चिठ्ठी, जाळीची पिशवी बांधलेली दिसली की हातच लावायचा नाही.

वहीसाठी पानं कॅम्पसच्या रस्त्यावर पडलेली उचला, भरपूर असतात. आणि चिकटवण्यापेक्षा चित्र काढायला लावा तिला, पानाच्या शिरा, कडा, देठ कसा जोडलाय. चित्र काढायला लागलं की माणूस खरं बघतं. करंजाची पालवी मार्चमध्ये एकदम नवी, चकचकीत पोपटी असते, ते झाड कोल्हापुरात रस्तोरस्ती आहे, तुमच्या पेठेतही असेल. ते एकच झाड दर रविवारी बघून तारीख घालून लिहिलं तर मार्चला पालवी, मग पांढरट-गुलाबी फुलं, खाली सडा, मग शेंगा, असा सगळा प्रवास वहीत येईल. पाच झाडांची चार-चार ओळींची माहिती लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, शिक्षकांना विचारून बघा ते नाही म्हणणार नाहीत.

अजून एक, एप्रिलमध्ये परत जमलं तर बहावा बघा. आणि पन्हाळ्याला किंवा राधानगरीकडं जायचा योग आला तर कुसुंब. मार्चमध्ये त्याची कोवळी पानं इतकी लाल असतात की लांबून झाड फुललंय असंच वाटतं. कोवळ्या पानातलं हिरवं द्रव्य तयार व्हायच्या आधी हा लाल रंग पानाचं उन्हापासून रक्षण करतो.

सागरमाळकर_०९:
कंदीलपुष्प ताई, त्या कुंड्यांचं मला खरंच ठावं नव्हतं, इतकी वर्षं शेजारी राहून कुणी सांगितलं नाही. आता जाऊन पाट्या वाचून येतो. एक विचारतो, कॅम्पसच्या कडंनं फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरलेली झाडं असतात, चेरी ब्लॉसम म्हणून पोरं फोटो काढतात, ती कसली? ती पण दाखवायला चांगली न्हवं?

माळावरचा_मास्तर:
ती गिरिपुष्प. आपल्याकडं उंदीरमारी म्हणतात कारण बी आणि साल उंदरांना विषारी. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, झटपट वाढतं, फांदी रोवली की जगते, म्हणून उजाड टेकड्यांवर सगळीकडं लावलं गेलं. दिसतं सुंदर, मधमाश्याही येतात, शेतात हिरवळीचं खत म्हणून उत्तम. पण टेकडीवर त्याची दाटी झाली की खाली आपलं गवत आणि झुडपं तग धरत नाहीत, आणि आपल्याकडच्या पाखरांना-किड्यांना पळस, पांगारा, सावर जेवढी उपयोगी तेवढं ते नाही. नातीला जरूर दाखवा, पण शेजारीच पळस पण दाखवा आणि दोन्ही झाडांवर दहा-दहा मिनिटं कोण कोण येतं ते मोजायला सांगा. प्रकल्पात असलं काही असलं की मी तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

कंदीलपुष्प:
राहिलं सीता अशोकाचं. बागेतल्या शेंगा उचलायच्या नाहीत, तिथल्या रोपांसाठी त्या लागतात. विभागात विचारून बघा, जादा रोपं असली तर मिळूही शकतील, नाहीतर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडाला चौकशी करा. मात्र रोप घेताना 'सीता अशोक' असं स्पष्ट सांगा आणि पान बघून घ्या, नाहीतर आसुपालव हातात देतात. आसुपालवाचं पान साधं, एकेकटं, कडा लाटांसारखी. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या म्हणजे छोट्या पानांच्या जोड्या.

ओळखीच्या कुणाकडं मोठं झाड असेल तर शेंग तपकिरी होऊन तडकली की बी लगेच रुजवायचं, ठेवून दिलं तर थोड्याच दिवसात उगवणशक्ती जाते, पुढच्या वर्षी लावू म्हणून डब्यात ठेवलेलं बी उगवत नाही. इचलकरंजीला ऊन कडक आहे, तर घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन येईल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल अशी जागा बघा. हे मूळचं ओढ्याकाठच्या सावलीतलं झाड आहे. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळा पसरून ओल टिकवायची, पाणी तुंबू द्यायचं नाही. सावकाश वाढतं, त्यामुळं पहिल्या वर्षी वीतभरच वाढलं तरी उपटू नका म्हणावं.